दोन वाजून सतरा

सोमवारी स्मारक बंद असतं,
तेव्हाच मला बोलावतात.
ताडदेवच्या चढावरचा बंगला,
फाटकाशी घरतबाई, पुढ्यात वही.
नाव: मोरेश्वर तळपदे.
‘कामाचं स्वरूप’ या रकान्यापाशी
दरवर्षी त्यांचं पेन जरा अडतं.
मग लिहितात, देखभाल.

पहिल्या दालनात त्यांचं बालपण,
दौत, पाटी, कान तुटलेला लाकडी घोडा.
दुसऱ्यात तुरुंग.
भिंतीत दडवलेल्या स्पीकरमधून
बेड्यांचा आवाज येतो; सोमवारी येत नाही.
तिसऱ्यात दिल्ली, नुसते हात मिळवतानाचे फोटो.
चौथ्यात एकच काचपेटी, एकच दिवा,
आणि मखमलीवर हे मनगटी घड्याळ,
दोन वाजून सतरा.
खाली पितळी अक्षरं:
याच क्षणी काळ थांबला.

इथे आलं की शाळेची पोरंसुद्धा गप्प होतात म्हणे.

काळाचं मला माहीत नाही.
घड्याळ थांबलं नव्हतं.
इस्पितळातून रुमालात बांधून आलं तेव्हा
चांगली दिवसभराची चावी शिल्लक होती त्यात.
बाहेर रांगा, हार, तोफांची सलामी,
आणि हे कपाटात
धोतरांच्या घडीवर एकटंच चालत होतं.
कधीतरी चावी संपली.
ती वेळ कुणी टिपून ठेवली नाही.
पुढे समिती बसली, ठराव झाला,
माझ्या उस्तादांना, ताहेरभाईंना बोलावून
काटे हवे तिथे आणवले.
ताहेरभाईंनी मजुरी घेतली नाही.
खोटं काम फुकट करावं, म्हणाले,
म्हणजे खऱ्याचा भाव पडत नाही.
मी घेतो. मला दोन मुली आहेत.

झाकण उघडलं की आतल्या बाजूला
आमच्या लोकांच्या खुणा,
सुईनं कोरलेल्या तारखा, अर्धी अक्षरं,
दोन दिल्लीच्या, एक कोलकात्याची,
एक उर्दूतली, भिंगातूनही नीट न लागणारी.
एवढ्या जणांनी हात लावला,
तरी रोज चार मिनिटं मागे पडायची खोड गेली नाही.
तिसऱ्या दालनात लिहिलंय, वक्तशीरपणाचा आदर्श.
असेलही.
रोज सकाळी रेडिओच्या ठोक्यावर
कुणाला न सांगता
चार मिनिटं पुढे सारत असणार हा माणूस.
मला तो एवढाच ठाऊक आहे.

तेल घातलं की चालवून बघावं लागतं.
चावी देतो.
दोन अठरा. दोन एकोणीस.
घरतबाई चहा घेऊन येतात आणि हळूच विचारतात,
‘लागलं का चालायला?’
आजारी माणसाचं विचारतात तसं.
या वर्षी त्यांनी हात पुढे केला.
मी दिलं. त्यांनी कानाशी धरलं,
डोळे मिटले, आणि एकदम हसल्या.
‘आमच्या ह्यांचं घड्याळ मी विकलं,’ म्हणाल्या,
‘सातशेला.’
पुढे काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.
कप उचलून गेल्या तेव्हा तीनला पाच कमी होते.

आता परत सतरावर आणायचं.
काटे उलटे फिरवू नयेत,
ही ताहेरभाईंची पहिली शिकवण.
म्हणून मी पुढेच फिरवतो,
संध्याकाळ, दिवेलागण, मध्यरात्र,
रेडिओचा ठोका
आणि त्यानंतरचा अख्खा मोकळा पहर.
दर सोमवारी नाही, वर्षातून एकदाच,
पण बोटांखालून जातात ते तास
कुठल्याच पाटीवर नसलेले.
मग चावी उतरवतो.
दोन सतरा. काच पुसतो. दिवा लागतो.

फाटकाशी पुन्हा वही.
‘बाहेर पडण्याची वेळ?’
माझं मनगट रिकामंच असतं.
आम्ही दोघंही ओसरीतल्या भिंतीकडे बघतो.
‘ते पाच मिनिटं पुढे आहे,’ घरतबाई म्हणतात,
‘तेवढं बघता का?’
‘ठरावात आहे?’
‘नाही.’
मी स्टूल ओढतो.